राणीची ओटी

एकच खोटं बोलले, पण त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

देश खुला झाला म्हणत होते, ते दिवस. आबिड्सच्या दुकानांत परदेशी टीव्ही आले, बाबांच्या कारखान्यात नवी यंत्रं आली आणि बाबा पंचेचाळिसाव्या वर्षी घरी बसले. वर्षभरात त्यांच्या किडन्या गेल्या. नामपल्लीजवळच्या एका मिशनच्या दवाखान्यात त्यांना ठेवलं, तेव्हा मी दहावीत होते.

तिथल्या अंगणात एका ख्रिस्ती संतिणीचा पुतळा होता. डोक्यावर मुकुट, आणि झग्याच्या ओच्यात गुलाबाची फुलं. आई बघतच राहिली. "अगंबाई! हिची तर ओटी भरलीय. राणी आहे, सवाष्ण आहे!" दुसऱ्याच दिवशी सुलतान बाजारातून खण-नारळ आणून तिने पायाशी ठेवला, कपाळाला कुंकू लावलं. "बाई, माझं कुंकू राख." जवळून जाणारी नर्स हसून म्हणाली, "मांगो अम्मा, भोत अच्छी रानी है."

खाली इंग्रजीत पाटी होती. आईला इंग्रजी येत नव्हतं. "वाच गं, काय लिहिलंय?"

राजाची लेक. गरिबांना लपवून भाकरी न्यायची. नवऱ्याने वाटेत अडवलं, तर ओच्यातल्या भाकरीची फुलं झाली. इथवर मी मोठ्याने सांगितलं. पुढे होतं की विसाव्या वर्षी नवरा गेला आणि सासरच्यांनी मुलांसकट बाहेर काढलं. आईच्या बोटाला अजून कुंकू होतं. मी म्हटलं, "पुढे दोघं सुखाने नांदले."

आई रोज तिला कुंकू लावत राहिली. एकविसाव्या दिवशी बाबा गेले.

तेराव्यानंतर मला राहवेना. सगळं सांगून टाकलं. आई भडकली. "इतके दिवस मी एका विधवेकडे सौभाग्य मागत होते? आणि तू बघत उभी होतीस? जीभ कशी झडली नाही तुझी!" मग बोलणंच बंद. ताट वाढायची, पण माझ्याकडे बघायची नाही. मला तेच हवं होतं. माझी लायकीच ती होती.

संक्रांतीला काकूकडे हळदीकुंकू होतं. तिळाच्या वड्या आईनेच थापल्या, पण बायका आल्या तशी काकू म्हणाली, "वहिनी, तुम्ही जरा आतच बसा हं." आई आत बसली. मी बाहेर वड्या वाटत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "चल." दवाखान्याच्या अंगणात पुतळ्यासमोर मला उभं केलं. "आता वाच. एक अक्षर गाळू नकोस."

मी वाचलं. नवरा गेला ते, घराबाहेर काढलं ते, तिने आजाऱ्यांसाठी दवाखाना काढला ते. आणि चोविसाव्या वर्षी ती गेली ते.

"चोवीस?" आई म्हणाली. "अगं, पोर होती की गं ती!"

तिने पिशवीतून हिरवा खण काढला, नारळ काढला.

"आई, विधवेची ओटी..."

"गप. मला शिकवू नकोस."

तिने राणीची ओटी भरली, कुंकू लावलं. मग तिथेच पायरीवर बसली, मला जवळ ओढलं आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा हंबरडा फोडून रडली.