सात आणि अकरा नंबरचे शर्ट

मुलींच्या क्रिकेट सामन्यांत धावांची वही मी गेली कितीतरी वर्षं लिहिते. माझ्या वहीत खाडाखोड नसते, हे कुणी विचारलं नसतानाही मी लोकांना ऐकवत आले. प्रत्येक संघाची एक लेखनिक असते, दर षटकानंतर दोघी आपापल्या बेरजा जुळवतो, आणि चूक निघाली तर ती नेहमी समोरचीचीच निघते, अशी माझी पक्की समजूत होती.

त्या दिवशी गंगाखेडच्या मैदानावर वालूरच्या मुली खेळत होत्या. जिल्ह्याच्या संघात एकच जागा उरली होती. निवड समितीच्या सरांनी आधीच सांगून टाकलं होतं की वालूरच्या दोन सलामीच्या मुलींपैकी जिच्या धावा जास्त होतील ती जाणार. एक उंच, संघाची कप्तान, तिचं वयात बसायचं हे शेवटचं वर्ष. दुसरी बुटकी, तिच्याहून दोन वर्षांनी लहान. यादीत उंच मुलीचा नंबर सात, बुटकीचा अकरा. हेल्मेट घातल्यावर तोंडं दिसत नाहीत, त्यामुळे मी पाठीवरचा नंबर बघायची आणि लिहायची.

पाण्याच्या सुट्टीपर्यंत सात नंबरच्या सतरा धावा झाल्या होत्या, अकराच्या पंधरा. सुट्टी झाली की मी प्रत्येकीच्या रांगेत एक उभी लाल रेघ मारते. तशी मारली, चहा घेतला. नंतर सात नंबर एकदम सुटली. चौकार, दोन धावा, पुन्हा चौकार. ही मघाशी तर चाचपडत होती, असं माझ्या मनात आलं. तिच्या शर्टाचा खांदा फाटलेला दिसला. जरा ठेंगणीही वाटली. पण मान वर करून नीट बघायला मला कमीपणा वाटला. माझी पेन्सिल चालूच राहिली.

सामना संपला. दोन्ही वह्या जुळल्या : सात नंबर एकेचाळीस, अकरा बावीस. आम्ही दोघींनी सह्या केल्या, सरांनी यादीत कप्तानाचं नाव लिहिलं आणि माइकवरून वाचलं. वालूरच्या एकाही पोरीनं टाळी वाजवली नाही.

कप्तान टेबलाशी येऊन उभी राहिली. तिच्या अंगात अकरा नंबरचा शर्ट होता, मागच्या बुटकीच्या अंगात सात.

"मॅडम, रन काढताना पडले तवा माझा शर्ट खांद्याला पार फाटला होता. हिच्या अंगात आतून बनियन हाय, म्हनून पान्याच्या सुट्टीत आमी शर्ट बदलले. नंतरचे चौके हिचे हायत."

त्यांचे शर्ट एकाच ट्रंकेतून निघतात, जिला जो आला तो तिनं घालायचा. नंबर बदलला तर कुणाला सांगायचं असतं, हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. बुटकी मागे उभी राहून पॅडचे पट्टे सोडत होती, तिनं वर बघितलं नाही.

"तू गप बस," वालूरचे मास्तर दबक्या आवाजात कप्तानाला म्हणाले. सर घड्याळ बघत मला म्हणाले, "मॅडम, वह्या जुळल्या आहेत, सह्या झाल्या आहेत. आता कशाला?"

खरं सांगते, मलाही क्षणभर तेच हवं होतं. जुळलेल्या वहीला कोण बोट लावणार होतं? पण तो फाटका खांदा मी बघितला होता. मला माझीच चीड आली.

मी पट्टी काढली. लाल रेघेपुढच्या धावा एकीच्या रांगेतून दुसरीच्या रांगेत नेल्या. सगळे वाकून बघत होते. बुटकी एकोणचाळीस. कप्तान चोवीस. दुसऱ्या लेखनिकेनंही तसंच केलं.

दुरुस्तीखाली कप्तानाची सही लागते. मी वही तिच्यापुढे सरकवली तेव्हा मला तिच्याकडे बघवेना. तिनं सही केली. सरांनी तिचं नाव खोडलं आणि बुटकीचं लिहिलं. ते बघून बुटकी रडायला लागली, बाकीच्या पोरी तिच्याभोवती जमल्या.

कप्तान मात्र टेबलापाशीच थांबली होती.

"मॅडम, माझे चोवीस बरोबर हायत ना? एकदा मोजून दावा."

"बरोबर आहेत गं," मी म्हटलं.

"न्हाई, मोजा. पुढल्या वर्षी मी वयात बसत न्हाई. आता एवढेच ऱ्हानार माझ्या नावावर."

मी एकेका धावेवर बोट ठेवून मोठ्यानं मोजायला लागले.