कडेची जागा

"उठा पावणं, हितं माणूस येणार हाय."

इस्तेरबाई सातपुते यांनी माझ्याशी उच्चारलेले हे पहिले वाक्य. स्थळ, कोल्हापुरातील एका जुन्या काळ्या दगडी चर्चमधील दारालगतचे बाक. वेळ, रविवारची उपासना सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटे. मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, गीतांचे पुस्तक मांडीवर उघडून त्या बाकाच्या कडेला बसलो होतो. पिशवीत, प्लास्टिकच्या पाकिटात, माझ्या पूर्वीच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, बदलीचा दाखला होता. आमच्यात माणसाने गाव बदलले की जुन्या चर्चने नव्या चर्चच्या नावे हे पत्र द्यायचे असते. ते असेल तर सभासदांच्या वहीत नाव चढते. नसेल तर माणूस कितीही वर्षे आला तरी कागदोपत्री उपरा. माझा दाखला शिक्क्यासह होता. मजकूर मीच तयार केला होता, तिथल्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, फक्त सही केली होती. आणि अशा मला, वसतिगृहात भाकऱ्या थापणारी एक बाई सर्वांदेखत उठवत होती.

मी उठलो, पण पेटून उठलो. चार बाके पुढे बसून वारंवार मागे वळून पाहत राहिलो. ती जागा रिकामीच होती. तिच्यावर बाईंचा घडी घातलेला निळा रुमाल तेवढा होता. पहिले गीत झाले, शास्त्रवाचन झाले, उपदेश सुरू झाला, तेव्हा रात्रपाळी संपवून आलेली एक नर्स घाईघाईने दारात उभी राहिली. इस्तेरबाईंनी रुमाल उचलला. ती बसली. मंडळीतील कोणाचीही मान वळली नाही.

बाहेर पडताना मी जाब विचारला. मी आधी आलो होतो, हे ठणकावून सांगितले. बाई शांतपणे चपला शोधत होत्या. म्हणाल्या, "तुमी येळंवर आलाय. तुमाला कुठंबी जागा मिळंल. उशिरा आल्याल्या माणसाला समद्यांच्या म्होरनं मान खाली घालून जायला लागतंय. त्येनं कुठं बसायचं?"

मी दाखल्याची पिशवी काखेत मारून चालू लागलो. मी लोकांचे अर्ज लिहून देणारा माणूस, आणि या बाईने मला एका वाक्यात निकालात काढले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले असले तरी कचेरीबाहेरच्या माझ्या टेबलावर पदवीधर माणसे मजकूर विचारण्यास येतात, आणि सगळे ऑनलाईन झाल्यावरही येतात, कारण संगणकाला रकाने असतात, विनवणी नसते. सीमेकडच्या एका तालुक्याच्या गावातून मी कोल्हापुरास बिऱ्हाड हलवले तेव्हा सलग तीन रविवारी तीन चर्च पाहिली होती. एका ठिकाणी भिंतीवर शब्द उमटत होते आणि ड्रमच्या आवाजात माझी प्रार्थना मलाच ऐकू येत नव्हती. दुसऱ्या ठिकाणी गीतांचे पुस्तक हाती देण्यापूर्वी आडनाव आणि मूळ गाव विचारले गेले, आणि ते ऐकल्यावर विचारणाऱ्याचा चेहरा बदलला. तिसऱ्या ठिकाणी कोणी काहीच विचारले नाही, आत येतानाही नाही आणि जातानाही नाही. चौथ्या ठिकाणी मला उठवण्यात आले. मी चौथ्याच ठिकाणी परत गेलो, हे का, ते मला आजही धड मांडता येत नाही.

इस्तेरबाई आजऱ्याकडच्या एका वाडीतल्या. तिथे सात घरांची मंडळी होती आणि पत्र्याचे छप्पर असलेले चर्च होते, त्याला त्या देऊळच म्हणत. यजमान वारल्यावर त्या मुलीकडे, कळंब्याच्या दोन खोल्यांत, राहायला आल्या आणि एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात लागल्या. पहिले वर्षभर भाकऱ्या उरकून येईपर्यंत त्यांना दर रविवारी उशीर होई. मागची बाके भरलेली असत, कोणी सरकत नसे, आणि पिठाचे हात पदरात लपवून त्यांना थेट पहिल्या बाकापर्यंत चालत जावे लागे. पुढे त्यांनी रविवारी पहाटे चारला चूल पेटवण्यास सुरुवात केली, ती स्वतःला जागा मिळावी म्हणून नव्हे, तर आणखी कोणाची तरी धरून ठेवता यावी म्हणून. कापणीच्या सणाला त्या गावाकडचा घनसाळ तांदूळ आणीत आणि प्रीतिभोजनाच्या पातेल्याजवळ कोणाला फिरकू देत नसत.

जिभेला हाड नव्हतेच. एकदा मोकळ्या प्रार्थनेत मी उभा राहून सविस्तर प्रार्थना केली. सदरहू मंडळी, उपरोक्त आजारी भगिनी, तरी कृपा व्हावी, अशी सर्व मांडणी व्यवस्थित होती. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "पावणं, देवाला वॉर्ड नंबर कशाला सांगितला? त्येला बिल पाठवायचंय व्हय?" सारे हसले. मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते कळलेसुद्धा नाही.

आता मी जे लिहिणार आहे ते रागाने लिहिणार आहे.

आमच्या मंडळीची कमिटी दर तीन वर्षांनी निवडली जाते. एका निवडणुकीपूर्वी अचानक बरीच नवी माणसे उपासनेस येऊ लागली, आणि चिटणीस थोरात सरांना भीती वाटली की हे सारे मतदानापुरते आहेत. थोरात सर निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी मला बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, आम्हाला ठराव हवा आहे, पण भाषा तुमचीच हवी. माझी छाती फुगली. मी ठराव लिहिला. त्यातील मुख्य वाक्य मला पाठ आहे: "ज्या व्यक्तीचा पूर्वीच्या मंडळीचा दाखला या मंडळीकडे दाखल नाही, अशा कोणत्याही व्यक्तीस, कोणत्याही कारणास्तव, कितीही काळ उपस्थिती असली तरी, सभासदत्वाचा अथवा त्यापासून उद्भवणारा कोणताही हक्क राहणार नाही." वकिलांनाही यात फट सापडणार नाही, असे थोरात सर म्हणाले. ठराव एकमताने मंजूर झाला.

हे वाक्य लिहिताना इस्तेरबाईंची आठवण मला झाली नव्हती, असे मी पुष्कळांना सांगत आलो. झाली होती. त्यांचा दाखला कधीच आला नव्हता, जुन्या पाळकांनी तोंडी सांगण्यावरून त्यांचे नाव वहीत घेतले होते, हे मला ठाऊक होते. "कितीही काळ उपस्थिती असली तरी" हे शब्द मी नंतर, शाई बदलून, मध्ये घातले. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो निळा रुमाल होता.

नावावर रेघ ओढली गेली. पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ सभासदांना भाकरीचा तुकडा वाटतात त्या दिवशी, ताट घेऊन थोरात सर आमच्या रांगेशी आले. इस्तेरबाईंनी हात पुढे केला. सरांनी ताट त्यांच्या बोटांवरून उचलून पलीकडच्या माणसासमोर धरले. बाईंचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी तो मांडीवर आणून दुसऱ्या हाताने झाकला. त्या हाताने त्या सणाला आम्हा सर्वांना जेवू घालीत. मी माझा तुकडा घेतला आणि खाल्ला. लाज अशी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर येऊन बसल्या. म्हणाल्या, माझं नाव परत घालायचा अर्ज लिवा. मी जुन्या चर्चचा दाखला आणण्यास सांगितले.

"देऊळ पडलं. पाळक मेलं. वहीला वाळवी लागली," त्या म्हणाल्या. "दाखला काय वाळवीकडनं आणू?"

मग त्यांनी ठराव वाचून दाखवण्यास सांगितले. माझ्याकडे प्रत होती. मी वाचला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला, आणि डोळे मिटून ऐकला.

"चांगलं लिवलंय," त्या म्हणाल्या. "कुनी लिवलं?"

"कमिटीनं."

"कमिटीला एवढं येतंय व्हय?"

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. रागावल्या असत्या तर मी वाद घातला असता, मुद्दे मांडले असते. त्या फक्त उठल्या, लुगडे सारखे केले आणि म्हणाल्या, "तुमचं नाव वहीत हाय, तरी मी तुमाला पावणंच म्हंती. का, ते बघा इचार करून. मी मातूर हितलीच हाय. माझं मयत त्याच दारातनं जायाचं, एवढं लिवा."

मी लिहिले. एक नव्हे, सात अर्ज लिहिले. अनुकंपा, प्रघात, जुन्या पाळकांची तोंडी मान्यता, सर्व मुद्दे घेतले. प्रत्येक वेळी थोरात सर ठराव काढून माझेच वाक्य मला वाचून दाखवीत आणि म्हणत, यात तुम्हीच जागा ठेवलेली नाही. सातव्या वेळी मी त्यांच्या टेबलावर हात आपटला. ते म्हणाले, "आवाज खाली. हे चर्च आहे." इतकी वर्षे मी कचेऱ्यांच्या दारात बसलो, अनेक निर्दय साहेब पाहिले. पण साहेबाला निदान शाईचे पेन बाहेरून विकत घ्यावे लागते. आमच्या निर्दयतेला शाई मी पुरवली होती.

इस्तेरबाई रविवारी येतच राहिल्या. ताट येण्याची वेळ झाली की त्या उठून बाहेर चपलांपाशी उभ्या राहत, म्हणजे कोणाला त्यांना टाळावे लागू नये. रुमाल मात्र कडेच्या जागी असे. मग पोटाचा आजार निघाला. मुलगी सुनीता आणि मी आळीपाळीने दवाखान्यात बसू लागलो. एकदा त्यांनी विचारले, अर्जाचं काय झालं. मी म्हटले, विचाराधीन आहे. त्या हसल्या. "इचार करत्यात म्हंजे बरं हाय. माणसं हायती अजून."

त्या एका गुरुवारी सकाळी गेल्या. कमिटीने कळवले की सभासद नसल्यामुळे चर्चमध्ये विधी होणार नाही आणि आमच्या दफनभूमीत जागा देता येणार नाही. तरुण पाळक बिचारे कमिटीला घाबरून असत, तरी घरी येऊन प्रार्थना करून गेले. सुनीता म्हणाली, इथं कुणाच्या पाया पडायचं नाही, आईला गावी न्यायचं. गाडी निघाली तेव्हा मी ड्रायव्हरला चर्चवरून घ्यायला लावले. फाटकाला कुलूप होते. एरवी दिवसा ते कधीच लावले जात नाही. आम्ही गाडी फाटकाशी उभी केली आणि खाली उतरून उभे राहिलो. मी कुलूप हाताने ओढून पाहिले. मग दोन्ही हातांनी ओढले. सुनीताने माझा दंड धरला. आजऱ्याकडे, त्या पडक्या देवळाच्या भिंतीशेजारी, दिराच्या भातशेताच्या बांधाला त्यांना पुरले.

तो ठराव रद्द व्हावा म्हणून मी आठवा अर्ज दिला आहे. तो अजून कमिटीपुढे पडून आहे. सुनीताने मला निळा रुमाल दिला. तेव्हापासून मी लवकर जाऊन दाराशी बसतो आणि रुमाल कडेला ठेवतो. कोण येईल ते पाहत नाही, फक्त उचलतो.

यंदा कापणीच्या सणाला चर्च गच्च भरले होते. दुसरे गीत चालू असताना दारात थोरात सर उभे राहिले. स्कूटरवरून पडले होते, घोट्याला पट्टी होती. जन्मात प्रथमच उशिरा आले होते. मोकळी जागा फक्त पहिल्या बाकावर होती. त्यांनी तेवढे अंतर पाहिले, मग माझ्या शेजारचा रुमाल पाहिला. तो कोणाचा हे त्यांना ठाऊक होते. मी समोर पाहत राहिलो. गीताचे एक कडवे पूर्ण झाले, दुसरे सुरू झाले. जावे त्यांनी मान खाली घालून, लंगडत, सर्वांसमोरून, असे मी मनात म्हणालो, आणि ते अगदी मनापासून म्हणालो.

पण बाईंनी कधी कोणाला विचारले नव्हते, तू कोण आणि उशीर का झाला. मी रुमाल उचलला. सर बसले.

उपासना संपल्यावर त्यांनी माझे आभार मानले. मी म्हणालो, "आभार राहू द्या. आठव्या अर्जावर तुमची सही बाकी आहे." ते लंगडत पायऱ्या उतरून गेले. पुढच्या रविवारी मी नेहमीप्रमाणे वेळेआधी गेलो आणि रुमाल पुन्हा कडेला ठेवला.