पाऊण भागिले अर्धा

अर्धवट राहिलेली गोष्ट अजिबात सहन न होणारं माणूस अख्ख्या नाशकात एकच आहे, आणि ते नेमकं माझ्या वरच्या मजल्यावर राहतं. या माझ्या मोठ्या जाऊबाई, आमच्या ताई. कपात घोटभर चहा ठेवून पाहुणा उठला, तर त्या त्याला पुन्हा बसवतात. कुणी "जाऊ दे, नंतर सांगते" म्हणून गोष्ट मध्येच सोडली, तर तिला दाराबाहेर पडू देत नाहीत. आमच्या नणंदेची बस एकदा त्यापायीच चुकली. अशा बाईच्या नशिबी देवळाली कॅम्पातली शाळा यावी, याला मी तरी दैवाची थट्टाच म्हणते. ताई तिथे गणित शिकवतात आणि वर्गातली निम्मी पोरं फौजींची. अपूर्णांक रंगात आले की कुणाच्या तरी वडिलांची बदली होते, घरी ट्रंका भरल्या जातात आणि वर्गातला एक बाक रिकामा होतो. त्या दिवशी ताई जेवताना घास चिवडत बसतात. आपण काही विचारलंच, तर म्हणतात, "भागाकार राहिला गं तिचा."

यावर उपाय म्हणून, निवृत्ती तोंडावर आली असताना, ताईंनी मोबाईलवरची शाळा शिकायला घेतली. इंदिरानगरहून कॅम्पाकडे जाताना त्यांची बस द्वारकेच्या चौकात हमखास अडकते. तेवढ्या वेळात शेजारच्या प्रवाशाकडून फोनमधली एक नवी गोष्ट शिकून घ्यायची, असा त्यांनी नेमच धरला. द्वारकेची वाहतूक सुरळीत असती, तर ताई आजही या बाबतीत अडाणी राहिल्या असत्या. शिकल्या मात्र स्वतःच्या रीतीने. फेसबुकवर कुणाची मैत्रीची विनंती आली, की "कोणतं वर्ष, कोणती तुकडी?" हे विचारल्याशिवाय आत प्रवेश नाही. सख्ख्या दिराला, म्हणजे आमच्या ह्यांना, त्यांनी आठवडाभर बाहेर ताटकळत ठेवलं. अंगठ्याचं चिन्ह म्हणजे त्यांच्या लेखी 'उत्तर बरोबर'. ते उगीच कुणालाही द्यायचं नाही. भाच्याच्या लग्नाच्या फोटोंखाली त्यांनी अंगठा न देता लिहिलं, "प्रयत्न चांगला. प्रगतीस वाव आहे." ती भाचेसून आमच्याकडे अजून येते, पण जरा जपून बोलते.

मग व्हिडिओ सुरू झाले. गच्चीवरच्या खोलीत फळा टांगला गेला आणि फोन धरायचं काम माझ्या गळ्यात पडलं. निमित्त झालं श्रेयाचं. ही मुलगी ऐन भागाकारात बदलीवर गेली. हुशार म्हणावी अशी नव्हती आणि मठ्ठ तर मुळीच नव्हती. तिला वेळ लागायचा, एवढंच. अपूर्णांकांच्या भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचं असतं, तर ही इमानेइतबारे पहिला उलटा करायची. तिच्या वडिलांचा जुना नंबर बंद झालेला, नवा शाळेत कुणाकडे नव्हता. ती जिथे असेल तिथे कधीतरी कुणाचा तरी फोन उघडेल, एवढ्याच भरवशावर ताई फळ्यापुढे उभ्या राहिल्या. आपण शाळेतून जायच्या आत या पोरीचा भागाकार झाला पाहिजे, हे त्यांनी मनावर घेतलं होतं.

पद्धत समजावून झाल्यावर त्या म्हणाल्या, "श्रेया, पाऊण भागिले अर्धा. सांग बघू." आणि थांबल्या. थांबल्या म्हणजे थांबल्याच. खाली कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देऊन गप्प झाला, माझ्या हाताला मुंग्या आल्या, तरी ताई आपल्या फोनकडे बघत उभ्या. नंतर मी सुचवलं, की मधली शांतता कापून टाकू, लोकांना वाटेल नेट गेलं.

"तिला वेळ लागतो," ताई म्हणाल्या. "लोकांना घाई असेल तर त्यांनी जावं."

लोकांना तसंच वाटलं. "मॅडम, व्हिडिओ अडकलाय," असं बऱ्याच जणांनी कळवलं. काही उत्साही मंडळींनी 'दीड' हे बरोबर उत्तरही लिहिलं. त्या सगळ्यांना ताईंनी एकच जबाब दिला, "हात खाली. मी श्रेयाला विचारलंय." रोज शाळेतून आल्या की चप्पल काढायच्या आधी त्या फोन बघायच्या, आणि मग जिना चढायच्या. मला त्यांची दया यायची आणि थोडा रागही यायचा. गेलेल्या पोरीसाठी इतका जीव टाकायचा कशाला, असं वाटायचं.

एका रविवारी मी मेथी निवडत बसले होते, तर ताई फोन घेऊन खाली आल्या. व्हिडिओखाली कुणा अनोळखी पुरुषाच्या नावाने उत्तर आलं होतं. ना नमस्कार, ना चमत्कार. नुसतं '२/३'.

मी म्हटलं, असेल कुणीतरी, साफ चुकलाय.

"अगं, पहिला उलटा केलाय," ताई म्हणाल्या. "चार तृतीयांश गुणिले अर्धा. कुणाच्या तरी फोनवरून लिहिलं असणार. तीच आहे ही." त्यांनी पदराने डोळे टिपले. चुकलेल्या उत्तराने इतकं सुखावलेलं माणूस मी आजवर पाहिलं नव्हतं. बदलीवर गेलेली कितीतरी पोरं त्यांनी मनात धरून ठेवली होती, त्यांतलं एक आज वर्गात आलं होतं. माझेही डोळे भरून आले.

मेथी तशीच टाकून आम्ही वर गेलो. ताईंनी फळा पुसला, पदर सारखा केला आणि फोनकडे बघून म्हणाल्या, "श्रेया, बाळा, पहिल्याला हात नाही लावायचा. दुसरा उलटा कर. सांग बघू आता." आणि त्या थांबल्या. कुठल्या गावी, कुठल्या क्वार्टरमध्ये ती पोर आकडेमोड करत बसणार होती, कोण जाणे. माझा हात दुखायला लागला होता, पण मी फोन हलू दिला नाही.