चारही पिल्लांचा उजवा डोळा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. भुतांचाही माझ्यावर नसावा — पन्नाशीच्या, ढेरी सुटलेल्या, मोहोळजवळ कोंबड्या पाळणाऱ्या माणसाला घाबरवून कुणाला काय मिळणार? तरी लिहितोय...

माझी भाची ऋतुजा सोलापुरात कॉलेजच्या लॅबमध्ये पीएचडी करते. उबवायची अंडी मी पुरवतो. अंड्यातलं नखाएवढं पिल्लू ती बाहेर काढते, औषधात टाकून टिकवते, आणि कुठला जीन, म्हणजे जनुक, कुठं चालू होता तिथं जांभळा रंग उमटवते. पोकळ जागी रंग उगाच साचू नये म्हणून आधी पिल्लाच्या डोक्यात आणि दोन्ही डोळ्यांत बारीक सुई टोचायची — ही तिथली रीतच.

"पाप लागंल की गं."

"आणि तुम्ही रविवारी माना मुरगाळता, ते मामा?"



त्या दुपारी अंडी घेऊन गेलो तर ऋतुजाबाई भडकलेल्या. कंट्रोलची चार पिल्लं, म्हणजे ज्यांना रंग यायलाच नको, ती रंगली होती. चारही. फक्त उजव्या डोळ्यात.

"साचला असता तर दोन्हीत साचला असता की! आणि दोन्ही टोचलेत मी."

मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. जांभळा ठिपका थेट माझ्याकडं बघत होता. घाबरलो की मी विनोद करतो. "तुला डोळा मारतंय गं कुणीतरी."

ती हसली, आणि टेबलावरची काचेची बाटली फुटली. रिकामी, थंड बाटली. कुणाचा हात नाही, धक्का नाही. बॉम्बसारखा आवाज झाला. माझा गाल फाटला. ऋतुजाच्या उजव्या डोळ्यात सुईएवढी काच उभी होती.

"काढा मामा, काढा!" ती स्वतःच उपसायला लागली. मी तिला फरशीवर पाडलं, मनगटं दाबून धरली. तिनं लाथा घातल्या, माझा अंगठा कडकडून चावला. आमच्या दोघांच्या रक्तात आम्ही घसरत होतो. लोक धावत येईपर्यंत मी सोडलं नाही.

डोळा गेलाच.

तिचे गाईड सर म्हणतात, रंगाचं द्रावण बिघडलं असेल, बाटलीला आधीच तडा असेल. असेलही. पण एकाच दुपारी? एकाच बाजूला?

ऋतुजा आता डाव्या डोळ्यानं काम करते. तोच प्रयोग, तेच कंट्रोल, पुन्हा पुन्हा. "तो रंग एकदा तरी परत यायला पाहिजे की मामा, त्याशिवाय कळणार कसं?" अंडी अजून मीच देतो, नाही म्हणालो तर ती दुसरीकडून आणेल. तिचा फोन आला की मी आधी विचारतो, "कंट्रोल कोरं?"

"कोरंच," ती वैतागून म्हणते.

तेव्हा कुठं मी खाली बसतो. उत्तर तिलाही सापडलेलं नाही, आणि मला ते नकोच आहे.