पाच मिनिटं पुढे

ईशान, रेवा, माझं चावीचं घड्याळ पुढे कोणाला मिळणार, असं तुम्ही फोनवर विचारलंत. आधी हे वाचा.

मी लष्करी नर्सिंग सेवेत लेफ्टनंट होते. पोस्टिंग डोंगरातल्या फील्ड हॉस्पिटलला. सकाळी सहाला घड्याळाला चावी द्यायची, मग वॉर्डची फेरी. थंडीत सेलची घड्याळं बंद पडत. माझं स्पिरिटमध्ये बुडालं, दगडावर आपटलं, तरी चालत राहिलं. नाडी मोजायला सगळे तेच मागत.

माझे वडील, म्हणजे तुमचे पणजोबा, झाशीत रेल्वेचे गार्ड. घरातली सगळी घड्याळं पाच मिनिटं पुढे. माझंही. वेळ सांगताना पाच मिनिटं मनात वजा करायची, ही लहानपणापासूनची सवय.

नाईक रामसेवक झाशीजवळच्या समथरचा, आमच्या अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. म्हणायचा, "सिस्टर जी, रेलवे वालों की घड़ी पाँच मिनट आगे, और गाड़ी चार घंटे पीछे."

एका सकाळी रस्त्यावर तोफगोळा पडला. रामसेवक आणि एक जवान जखमी. दोघांना बेस हॉस्पिटलला हलवायचं होतं. ढग चढत होते. हेलिकॉप्टर अकरापर्यंतच थांबणार होतं. जवान आत पोचला. रामसेवकला रक्ताची बाटली लावून आम्ही स्ट्रेचरवर बांधत होतो. मी सव्वीस तास ड्यूटीवर होते.

"टैम है न, सिस्टर जी?" त्याने विचारलं.

रेडिओ वाजला. "दुसरा पेशंट निघाला का? ओव्हर."

मी घड्याळ पाहिलं. अकरा.

"नाही. वेळ संपली. थांबू नका. आउट."

हेलिकॉप्टर उडाल्याचा आवाज आला. आमच्या सर्जन मेजरसाहेबांनी आपलं घड्याळ पाहिलं.

"सिस्टर, दहा पंचावन्न झालेत."

हेलिपॅड तीन मिनिटांवर होतं.

रेडिओवर परत बोलावलं. तोवर खिंड ढगांनी भरली होती. रामसेवक १६४० ला, म्हणजे दुपारी चार चाळीसला, गेला. रिपोर्टमध्ये 'खराब हवामान' असं लिहिलं गेलं. खाली माझी सही आहे.

रजेवर आले तेव्हा समथरला गेले. त्याची बायको म्हणाली, "पहुँचत-पहुँचत देर हो गई हुइए, बाई जी."

मी म्हटलं, "हाँ."

इतक्या वर्षांत काच एकदा बदलली, पट्टे चार-पाच. बडा बाजारातला घड्याळवाला म्हणतो, "माताजी, ये मशीन आपसे ज़्यादा चलेगी." चालेलच. त्याला कसलं ओझं नाही.

दोघांपैकी कोणीही घ्या. रोज सकाळी चावी द्या. काटे मात्र पुढे करू नका. त्या दिवसापासून मी ते बरोबर वेळेवर ठेवलंय.

देर झाली नव्हती. नाईक रामसेवक वेळेत होता.