खाण्याचा मतदारसंघ

कळवणहून सकाळची एसटी सुटली, तेव्हा मी जर्मनीलाच निघालोय असं आईला वाटत होतं. खरं तर मी नाशिकजवळच्या एकलहऱ्याला चाललो होतो. बी.ए.च्या सेमिनारसाठी चिठ्ठीत मला विषय आला होता : 'एसेन या जर्मन शहरातील मतदारसंघाचा निवडणूक इतिहास'. सोमवारी वर्गापुढे उभं राहून बोलायचं होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटायची.

आमच्या सरांनी एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेल्या एका काकांचा पत्ता दिला होता. ते प्रशिक्षणासाठी एसेनला राहून आले होते. नाशिकरोडला उतरून रिक्षा केली. उंच चिमण्या दिसू लागल्या.

"काका, खाण्याच्या मतदारसंघाची माहिती हवी होती," मी म्हणालो. जर्मन शब्दकोशात 'एसेन' म्हणजे खाणे, हे मी आधीच शोधून ठेवलं होतं.

काका हसता हसता खोकू लागले. "अरे, खाण्याचा नाही, खाणींचा! कोळशाच्या खाणींचं शहर ते. कामगार पिढ्यान्‌पिढ्या एकाच पक्षाला मत द्यायचे. खाणी बंद पडल्या, तरी कितीतरी वर्षं तोच निवडून येत राहिला."

काकूंना आतून फक्त 'खाण्याच्या' एवढंच ऐकू गेलं असावं. त्यांनी ताट वाढलं : कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा.

"तिथे प्रत्येकाला दोन मतं असतात," काका म्हणाले.

"दोन? म्हणजे एक बोगस?"

"तू आधी कळण्याची भाकरी खा," काकू म्हणाल्या, "म्हणजे कळेल."

मग काकांनी समजावलं : एक मत उमेदवाराला, दुसरं पक्षाला. दोन भाकऱ्या संपल्या, वही भरली. पण हे मला बोलता येईल का, ही धाकधूक काही गेली नाही.

परतीच्या गाडीत शेजारच्या मावशींनी वहीत डोकावून विचारलं, "काय लिव्हलंय रं?" मी अडखळत सांगू लागलो. दोन मतांपाशी आलो, तशा त्या ओरडल्या, "लय भारी! म्हंजे एक मत भावकीला, दुसरं आपल्या मनाचं. घरात भांडनच नाय!"

"अन् भावकीतलेच दोघं उभे ऱ्हायले तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"ओ जर्मनी," कंडक्टर तिकिटं फाडायची थांबवून म्हणाला, "सांगा की जोरात!"

वणी आलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी दांडी धरून उभा आहे आणि कधीचा बोलतोय.

जर्मनीत पाऊल न ठेवता मी तिथून परतलो होतो. सोमवारची भीती वाटेना. वर्गात थोडीच मुलं असणार होती, आणि त्यांतल्या एकाचीही भावकी निवडणुकीला उभी नव्हती.