तात्यांच्या हाताला न पटलेली हत्यारं

शेळगावात कुणाला ट्रकसाठी जॅक घ्यायचा असो, घरासाठी पहार घ्यायची असो, नाहीतर विहिरीतलं इंजिन वर ओढायला साखळीची कप्पी, तो माणूस थेट बारामतीची एसटी पकडत नसे. आधी मानसिंगतात्यांच्या ओट्यावर येऊन बसायचा, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचा आणि चहा संपता संपता हळूच म्हणायचा, "तात्या, उद्या बारामतीला येता का जरा?" तात्या आढेवेढे घ्यायचे. दहा कामं सांगायचे. आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या आधी स्टँडवर हजर असायचे.

त्यांना त्याची हौस होती, खोटं कशाला बोला. वडील मेंढरं राखायचे. तात्यांनी मेंढरं विकून ट्रॅक्टर घेतला आणि कारखान्याला ऊस वाहायला लागले, पण मेंढकाची सवय हातातून गेली नाही. कोकरू घेताना दोन्ही हातांवर तोलून बघायचं, नुसत्या दिसण्यावर जायचं नाही. लोखंडही ते तसंच बघायचे. तारेचा दोर असला तर त्यावरून कापसाचं बोंड फिरवायचे. कुठं तार तुटली असेल तिथं कापूस अडकायचा. जॅक असला तर भरलेल्या ट्रॉलीखाली लावायचा, खडूनं खूण करायची, चहाला जायचं आणि परत येऊन खूण खाली सरकली का ते बघायचं. "घरचा घण जड पायजे, आपल्याला तो घिऊन कुठं पळायचं न्हाय," असं ते सांगत. "गाडीतला जॅक मातुर गाडीच्या दुप्पट वजन पेलणारा पायजे. गाडी रिकामी कधी बिघडती का? भरलेलीच बिघडती."

हे सगळं ठीक. हे कुणीही शिकू शकतो. पण तात्यांकडं आणखी एक गोष्ट होती, आणि लोक खरं तर तिच्यासाठी यायचे.

एखादं हत्यार हातात घेतलं की तात्यांचा हात बधिर पडायचा. हिवाळ्यात पहाटे नदीच्या पाण्यात हात बुडवून धरावा, तसा मनगटापर्यंत मरून जायचा. हत्यार खाली ठेवलं की पुन्हा जिवंत. दहा-वीस वस्तूंत कधीतरी एकीला असं व्हायचं. मग तात्या ती वस्तू निमूटपणे फळीवर ठेवायचे आणि दुसरी उचलायचे.

याचा अर्थ काय, हे त्यांना लहानपणीच ठाऊक झालं होतं. मेंढरं भादरताना एकदा कातर निसटली, त्यांच्या काकाच्या मांडीची शीर तुटली आणि काका जागेवर गेला. वडिलांनी ती कातर फडक्यात गुंडाळली, नीरेच्या डोहात टाकली आणि मागं न बघता घरी आले. माणूस घेतलेलं हत्यार घरात ठेवायचं नाही आणि दुसऱ्याला द्यायचंही नाही, असा त्यांच्या घरातला दंडक होता. त्या कातरीनं आपला हात बधिर केला होता, एवढं तात्यांच्या ध्यानात राहिलं होतं. तेव्हा ज्यानं हात मरतो त्या हत्यारानं कुणालातरी घेतलेलं असणार, हा त्यांचा हिशेब.

आणि हिशेब जुळायचाही. भिगवण रस्त्याला अकबरभाईंचं दुकान होतं, निम्मा माल नवा, निम्मा मोडीतला. तिथं तात्यांनी एकदा साखळीची कप्पी नको म्हणून ठेवली. पुढं कधीतरी कानावर आलं की पिंपळीत विहिरीवर कप्पीची साखळी सुटून माणूस मेला, ती हीच. दुसऱ्यांदा एक पहार ठेवली. तिचंही तसंच निघालं. गावात बोभाटा झाला. लोक पारावर बसून सांगायचे, "तात्याच्या हाताला मेल्यालं माणूस कळतंय." ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा आणि तात्यांना, मनातून, बरं वाटायचं.

शहाण्णव साली दसरा झाल्यावर त्यांच्या मुलानं, शंभूराजनं, जुना ट्रक घेतला. एकुलता एक पोरगा. ऊस घेऊन घाटरस्त्यानं जाणार, कुठं माळावर चाक फुटणार, मग हा गाडीखाली आडवा होणार. पोराच्या छातीवर दहा-बारा टन वजन असणार आणि मध्ये असणार एकच लोखंड. ते लोखंड आपण निवडायचं, दुसऱ्या कुणी नाही, एवढं त्यांनी ठरवलं.

बापलेक अकबरभाईंकडं गेले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अकबरभाईंनी लाकडी पेटी फोडली आणि पेंढ्यातून दोन जॅक बाहेर काढले. कोरे, पिवळ्या ग्रीसमध्ये माखलेले.

"बघा मानसिंगराव. कारखान्यातनं निघालेत ते थेट हितं. अजून कुणाचा हात लागला न्हाय."

तात्यांनी पहिला जॅक उचलला आणि हात गेला.

मनगटापर्यंत नाही, कोपरापर्यंत. एवढं कधी झालं नव्हतं. बाहेर रणरणतं ऊन, आणि तात्यांच्या दंडावरचे केस उभे राहिले. दुकानातला पंखा फिरत होता, त्याचा आवाज त्यांना ऐकू येईना. त्यांनी जॅक फळीवर ठेवला. ठेवला म्हणण्यापेक्षा तो सुटलाच.

"काय झालं, तात्या?" शंभूराजनं विचारलं.

"काय न्हाय. ग्रीसनं निसटला."

दुसरा उचलला. काही नाही. लोखंडासारखं लोखंड. त्यांनी तो बाजूला काढला, हाच घ्यायचा म्हणाले. पण नजर पहिल्यावरून हलेना. नव्या वस्तूला कसला आलाय मेलेला माणूस? पेटीतून आत्ता निघालेली वस्तू. आपलं वय झालं, असं त्यांनी मनाला सांगितलं.

तेवढ्यात शेजारच्या गॅरेजातून अकबरभाईंचा मुलगा अबरार हात पुसत आला. शंभूराजचा दोस्त, त्याच्याच वयाचा, हसरा पोरगा. नुकतंच लग्न झालेलं. त्यानं दोन्ही जॅक बघितले आणि उरलेला उचलून खांद्यावर घेतला.

"ह्यो माझ्या गॅरेजला ठेवतो, अब्बा. जुना गळाय लागलाय."

तात्यांनी तोंड उघडलं. पण बोलणार काय? कोऱ्या मालाला नाव ठेवायचं, तेही दुकानदारासमोर, आणि पोरं हसणार ते वेगळंच. तात्यांनी तोंड मिटलं. अबरारनं जाता जाता शंभूराजच्या पाठीत धपाटा घातला. मग चहा आला, तात्यांनी तो बशीत ओतून प्यायला.

हंगाम संपत आला असताना बातमी आली. भर दुपारी अबरार ट्रकखाली काम करत होता. तोच जॅक खाली बसला. ओरडायलाही वेळ मिळाला नाही.

तात्या मातीला गेले. शंभूराज लहान पोरासारखा रडत होता. अकबरभाई मात्र रडत नव्हते. आलेल्या प्रत्येकाला बसायला सांगत होते. घरातून सबिनाचा, अबरारच्या बायकोचा, आवाज येत होता आणि मध्येच थांबत होता. तो थांबला की तात्यांना जास्त भीती वाटायची.

चाळिसावा झाल्यावर अकबरभाईंनी दुकान उघडलं, आणि तात्या त्यांना भेटायला गेले. पुन्हा दुपारच होती. गिऱ्हाईक नव्हतं.

मग अकबरभाई म्हणाले, "मानसिंगराव, पिंपळीची ती साखळीची कप्पी आठवती का? तुमी परत ठिवली व्हती ती?"

"आठवती की. माणूस घेतल्याली व्हती."

"कुणी सांगितलं तुमाला?" अकबरभाईंचा आवाज एकदम शांत होता. "नवी व्हती ती. तुमी ठिवली, म्हणून मी ती पिंपळीच्या माणसाला जरा कमी भावानं दिली. दिवाळीत दिली. माणूस मेला उन्हाळ्यात. पहारीचंबी तसंच झालं. आधी न्हवं, मानसिंगराव. मागनं."

तात्या उठायला गेले आणि परत बसले.

"मला वाटायचं, तुमची आपली आवड-निवड हाय," अकबरभाई बोलत राहिले. "ती पेटी फोडली त्या दिवशी तुमी एक जॅक खाली ठिवला. तवा हाताला कायतरी झालं व्हतं का?"

"नवा व्हता, अकबरभाई," तात्या म्हणाले. "नव्याला काय असतंय?"

अकबरभाई तात्यांच्या हातांकडं बघत राहिले, आणि तात्यांनी हात धोतराच्या सोग्यात लपवले.

एसटीत बसल्यावर त्यांना काका गेला त्या दिवसाची सकाळ आठवली. इतकी वर्षं जी गोष्ट त्यांनी उलटी धरली होती ती सुलटी झाली. कातर त्यांनी कधी हातात घेतली होती? रक्त पुसल्यावर नाही. सकाळी. काका मेंढीचे पाय बांधत होता, म्हणाला, कातर आण रं. त्यांनीच ती नेऊन काकाच्या हातात दिली होती. हात बधिर झाला म्हणून दोन्ही हातांनी धरून. शेळगाव आलं तरी तात्या उतरले नाहीत. कंडक्टरनं हाक मारली तेव्हा उठले.

त्यानंतर तात्यांना हत्यारांचं याड लागलं, असं गाव म्हणतं. गावाचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. तात्या बारामतीला जायचे, इंदापूरला जायचे, दुकानांमागून दुकानं पालथी घालायचे. जॅक, पहारी, साखळदंड, लोखंड आवळून धरायचे व्हाइस, लाकडं फोडायच्या कुऱ्हाडी, एकूण एक वस्तू हातात धरून बघायचे. ज्या वस्तूनं हात मरेल ती विकत घ्यायचे. चांगली वस्तू सोडून नेमकी तीच. घरामागच्या जुन्या कोकरांच्या खोपटात ती हत्यारं रचून ठेवलेली असत, कोरी करकरीत, आणि वर कुलूप.

सून रोहिणी म्हणायची, भर दुपारी खोपटाकडं गेलं की तिथं शेळीसुद्धा बांधवत नाही. दावं तोडून पळते. शेजारचा महिपती एकदा पहार उसनी मागायला आला. तात्या काठी घेऊन अंगावर धावले. पुढं एका दुपारी त्यांनी सगळी हत्यारं ट्रॉलीत भरली आणि नीरेच्या डोहात ओतली. आजूबाजूला हसायला माणसं जमली होती, पण पहिला जॅक पाण्यात गेला आणि हसणं थांबलं. का थांबलं ते कुणालाच सांगता येत नाही. तिथले भोई अजून त्या डोहात जाळं टाकत नाहीत.

रोहिणीला मुलगी झाली त्याच वर्षी तात्यांचा उजवा हात बधिर झाला. हातात काहीच नसताना. मग डावा. सकाळी पाण्याचा तांब्या उचलला तरी तेच, दाराची कडी धरली तरी तेच. शंभूराजनं त्यांना बारामतीला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, शुगर आहे, बरीच जुनी दिसते. नसा गेल्यात, आता हाताला समजायचं नाही. तात्यांनी मान डोलावली. पण बाहेर पडताना पायरीवर थांबून शंभूराजला म्हणाले, "म्हंजी आता मला काय कळायचं न्हाय."

"काय कळायचं न्हाय, तात्या?"

तात्या पायरी उतरायला लागले. शंभूराजचा ट्रक तर रोज रस्त्यावर होता. जॅकचं रबर झिजलं, दोर बदलला, नवी साखळी आली, की तो आणून बापासमोर ठेवायचा, आणि तात्या ती वस्तू हातात धरून बसायचे. सगळ्याच वस्तू मेलेल्या लागायच्या. घे म्हणावं तर भीती, नको म्हणावं तर पोरगं रिकाम्या हातानं घाटात जाणार.

नातीला मात्र त्यांनी हात लावला नाही. बारशाला नाही, पहिल्या दिवाळीला नाही. रोहिणी पोरीला घेऊन जवळ आली की ते हात काखेत दडवायचे. रोहिणीला वाटायचं, मुलगी झाली म्हणून सासरा असं वागतो. ती एकदा चुलीपाशी रडलीसुद्धा. तात्यांनी ते ऐकलं आणि तरी ते उठले नाहीत. लेकराला उचललं आणि हात मेलेलाच लागला, तर तो शुगरनं मेला की आणखी कशानं, हे त्यांना कोण सांगणार होतं?

पोरगी वर्षाची झाली. उन्हाळ्यातल्या एका दुपारी तात्यांचा ओट्यावर बसल्या बसल्या डोळा लागला. गाव निपचित पडलं होतं, वारा नव्हता. जाग आली तेव्हा त्यांनी सहज खाली बघितलं. पोरगी उभी होती. डुगडुगत, स्वतःच्या पायांवर, पहिल्यांदाच. आणि आधाराला तिनं तात्यांचं बोट धरलं होतं, मुठीत, घट्ट.

तात्यांना काहीच कळत नव्हतं. ऊब नाही, गार नाही, त्या मुठीचा भारही नाही. ती किती वेळ धरून उभी होती, कुणास ठाऊक. डोळ्यांना दिसत नसतं तर बोट मोकळंच आहे असं वाटलं असतं. त्यांच्या घशातून कसलातरी आवाज निघाला, तसं पोरीनं वर बघितलं आणि दोन दात दाखवून हसली.

रोहिणी दारात आली ती थबकलीच. "तात्या," ती हळूच म्हणाली, "घ्यू का तिला?"

तात्या त्या मुठीकडं बघत होते. आयुष्यभर या हातांनी त्यांना सांगितलं होतं, आणि सांगून कुणाचंच भलं झालं नव्हतं. आता हात गप्प होते. या पोरीचं काय व्हायचंय ते या हातांना कळत नव्हतं, आणि त्यांच्या मनात आलं, बरं झालं. फार बरं झालं. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही, कारण एक हात पोरीकडं होता आणि दुसरा त्यांनी तिच्या पाठीमागं धरला होता, ती पडू नये म्हणून.

"ऱ्हाऊ दे गं," ते म्हणाले. "धरू दे तिला."